काच-संक्रमणाजवळचे डायइलेक्ट्रिक शिथिलन : एका विश्लेषण-सॉफ्टवेअरचे परीक्षण

पॉलिमरमधील डायइलेक्ट्रिक शिथिलनाच्या, म्हणजे बदलत्या विद्युत क्षेत्राला द्विध्रुव उशिराने देतात त्या प्रतिसादाच्या, मोजमापांचे विश्लेषण करणारे एक सॉफ्टवेअर बराच काळ माझ्या नित्य वापरात आहे. ते इम्पीडन्स ॲनालायझरसोबत मिळते. उपकरणातून आलेल्या फाइली उघडणे, प्रत्येक तापमानाच्या स्पेक्ट्रमवर (वारंवारतेनुसार मोजलेल्या प्रतिसादावर) गणिती मॉडेल बसवणे आणि त्यातून निघालेले शिथिलन-काळ तापमानासमोर मांडून काच-संक्रमण तापमान, म्हणजे थंड होताना पॉलिमर काचेसारखा कडक होतो ते तापमान, काढणे, ही सगळी कामे त्यात एकाच ठिकाणी करता येतात. त्याचे नाव मी येथे घेत नाही. पुढे सांगितलेली प्रत्येक कसोटी वाचकाला आपल्याकडील कोणत्याही सॉफ्टवेअरवर लावून पाहता यावी, एवढीच अपेक्षा आहे. माझे मत आधीच नोंदवतो : एका तापमानाच्या एका स्पेक्ट्रमसाठी हे साधन उत्तम आहे, परंतु तापमानांच्या मालिकेवरून काच-संक्रमणाबद्दल काही म्हणायचे असेल तर त्याने दिलेला कोणताही आकडा तपासल्यावाचून पुढे नेऊ नये.

हे मत कठोर वाटू शकेल, म्हणून अडचण नेमकी कोठे आहे ते सांगणे आवश्यक आहे. पॉलिमर तापमानाने काच-संक्रमणाकडे येऊ लागला की साखळीच्या तुकड्यांची सामूहिक हालचाल, म्हणजे अल्फा शिथिलन, विलक्षण वेगाने मंदावत जाते. वरच्या तापमानाला मायक्रोसेकंदात होणारी पुनर्रचना खाली येता येता शंभर सेकंदांवर जाते, आणि शिथिलन-काळ १०० सेकंद होतो ते तापमान डायइलेक्ट्रिक मोजमापात काच-संक्रमण तापमान मानण्याची प्रथा आहे. या काळाशी जुळणारी वारंवारता सुमारे १.६ मिलिहर्ट्झ असते. तिचे एक आवर्तन पूर्ण व्हायलाच दहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. साहजिकच बहुतेक प्रयोगांत स्पेक्ट्रममधले शिथिलनाचे शिखर तेवढ्या खाली प्रत्यक्ष मोजले जात नाही, तर वरच्या तापमानांच्या शिखरांवरून तेथपर्यंत गणिताने पोचावे लागते. ज्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर हा प्रवास करायचा, त्याची परीक्षा म्हणूनच जुळणी किती देखणी दिसते यावरून होऊ शकत नाही.

तापमानाची संवेदनशीलता हा याच अडचणीचा दुसरा भाग आहे. ज्या पॉलिमरचा नाजुकता-निर्देशांक (काच-संक्रमणाजवळ शिथिलन-काळ तापमानाबरोबर किती झपाट्याने बदलतो याचे माप) ८० आणि काच-संक्रमण तापमान ३०५ केल्व्हिन आहे, त्याचा शिथिलन-काळ त्या तापमानाजवळ दर केल्व्हिनमागे सुमारे ०.२६ डिकेडने (एक डिकेड म्हणजे दहापट), म्हणजे जवळजवळ १.८ पटीने बदलतो. असे असताना हे सॉफ्टवेअर फाइल उघडताना प्रत्येक स्पेक्ट्रमला नियंत्रकाला दिलेले ठरीव तापमान चिकटवते. नमुन्यापाशी प्रत्यक्ष मोजलेले तापमान फाइलमध्ये वेगळ्या रकान्यात उपलब्ध असते, पण ते वापरायचे तर मेनूत खोल जाऊन पर्याय बदलावा लागतो, आणि नवी फाइल उघडली की तो पर्याय पुन्हा मूळ जागी येतो. स्थिर होण्यास पुरेसा वेळ दिलेल्या मोजमापात दोन्ही आकडे जवळ असतात, हे खरे. परंतु मंद गतीने तापमान बदलत घेतलेल्या मोजमापात एका स्पेक्ट्रमची पहिली आणि शेवटची वारंवारता एकाच तापमानाला मोजलेली नसते, आणि तेथे हा दोष थेट निष्कर्षात उतरतो. नमुन्याची जाडी आणि इलेक्ट्रोडचा व्यास यांची नोंद मात्र सॉफ्टवेअर चोख ठेवते व कडेच्या धारितेची दुरुस्तीही करते.

मॉडेलांची यादी भरगच्च आहे. डेबाय यांचे एकाच शिथिलन-काळाचे मूळ समीकरण, १९४१ मधले कोल बंधूंचे सममित रुंद शिखर, १९५१ मधले डेव्हिडसन-कोल यांचे एका बाजूस झुकलेले शिखर आणि १९६७ मध्ये या दोहोंना एकत्र आणणारे हॅव्हरिलियाक-नेगामी समीकरण, असे सारे पर्याय आहेत. पॉलिमरसाठी व्यवहारात शेवटचेच लागते. त्यात शिखराची रुंदी ठरवणारा एक घातांक आणि असममिती ठरवणारा दुसरा घातांक असतो. लॉगॅरिदमिक आलेखात शिखराच्या कमी वारंवारतेकडील बाजूचा चढ पहिल्या घातांकाइतका आणि जास्त वारंवारतेकडील उतार दोघांच्या गुणाकाराइतका येतो. भौतिक अट अशी की पहिला घातांक आणि हा गुणाकार, दोन्ही १ च्या पुढे जाऊ नयेत. सॉफ्टवेअर मात्र दुसऱ्या घातांकालाच स्वतंत्रपणे १ ची मर्यादा घालते. ही मर्यादा मूळ अटीपेक्षा कडक आहे. ज्या शिखराची कमी वारंवारतेकडील बाजूच अधिक पसरट असते, तेथे दुसरा घातांक १ च्या वर जाणे पूर्णपणे वैध असते. अशा वेळी हे सॉफ्टवेअर त्याला १ वर अडवून ठेवते आणि उरलेला फरक गुपचूप रुंदीत आणि वाहकतेत ढकलून देते. मर्यादेला टेकलेला पॅरामीटर निराळ्या रंगात दाखवला असता तरी वापरणारा सावध झाला असता. तेही होत नाही.

याहून अधिक घातक गोष्ट निकालांच्या तक्त्यात आहे. तेथे ‘शिथिलन-काळ’ या मथळ्याखाली जो आकडा छापला जातो, तो हॅव्हरिलियाक-नेगामी समीकरणातला काळ असतो. शिखर ज्या वारंवारतेला येते तिच्यावरून काढलेला नव्हे. असममित शिखरासाठी हे दोन काळ भिन्न असतात आणि त्यांतील फरक दोन्ही घातांकांवर अवलंबून असतो. उदाहरणादाखल पहिला घातांक ०.८ आणि दुसरा ०.४ घेतला, तर शिखराची कोनीय वारंवारता समीकरणातील काळाच्या व्यस्ताच्या २.७ पट येते. म्हणजे ०.४३ डिकेडचा फरक. वर सांगितलेल्या ०.२६ डिकेड प्रतिकेल्व्हिन या दराने त्याचे रूपांतर केले, तर काच-संक्रमण तापमानात दीड केल्व्हिनहून अधिक तफावत पडते, आणि ती केवळ कोणत्या काळाला शिथिलन-काळ म्हटले यामुळे. दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांत असा फरक दिसला तर लोक नमुन्याच्या शुद्धतेत कारण शोधू लागतात. त्यात तापमानाबरोबर शिखराचा आकारही बदलत असेल, तर हा फरक स्थिर राहत नाही आणि शिथिलन-काळाच्या वक्राला खोटी वळणे येतात. शिखराचा काळ सॉफ्टवेअरला काढता येतो, आलेखावर तो बाणाने दाखवलाही जातो. फक्त तक्त्यात आणि पुढच्या टप्प्यात तो जात नाही. ही उणीव एका रकान्याने भरून निघण्यासारखी आहे, म्हणूनच ती अधिक खटकते.

कालाधारित बाजूकडे सॉफ्टवेअरने कमी लक्ष दिले आहे. रुडॉल्फ कोलराउश यांनी १८५४ मध्ये लेडन जारमधील उरलेल्या विद्युतभाराच्या क्षयासाठी जे ताणलेले घातीय फलन वापरले, तेच १९७० मध्ये ग्रॅहम विल्यम्स आणि डेव्हिड वॉट्स यांनी डायइलेक्ट्रिक शिथिलनासाठी पुढे आणले, आणि काचेसारख्या पदार्थांची तुलना करताना त्यातील एकमेव आकार-घातांक फार सोयीचा पडतो. वारंवारतेच्या अवकाशात या फलनाचे बंद स्वरूपातले समीकरण सर्वसाधारणपणे मिळत नसल्यामुळे त्याचे फूरिये रूपांतर आकडेमोडीने करावे लागते. सॉफ्टवेअर ते करत नाही. ते आधी हॅव्हरिलियाक-नेगामीचे घातांक काढते आणि मग १९९१ मध्ये आल्व्हारेझ, आलेग्रिआ आणि कोल्मेनेरो यांनी दिलेल्या संबंधाने, म्हणजे दोन घातांकांचा गुणाकार हा ताणलेल्या घातांकाच्या १.२३ व्या घाताइतका असतो या नियमाने, उत्तर देते. वरच्या उदाहरणात हा घातांक ०.४० च्या आसपास येतो. नियम उपयुक्त आहे. पण दोन स्वतंत्र आकार-पॅरामीटरांचे वर्णन एका पॅरामीटरात बसवताना काहीतरी सुटतेच, आणि नेमके काय सुटले हे मूळ स्पेक्ट्रमवर तो वक्र परत काढून दाखवल्याशिवाय कळत नाही. तशी सोय येथे नाही.

आता ज्या भागासाठी हे सॉफ्टवेअर मी मनापासून वाखाणतो, त्याकडे येतो : वाहकतेची हाताळणी. काच-संक्रमणाच्या वर जाताच पॉलिमरमधील अशुद्धीचे आयन हलू लागतात आणि पारगम्यतेच्या, म्हणजे विद्युत क्षेत्राला पदार्थ देतो त्या प्रतिसादाच्या मापाच्या, काल्पनिक भागात, म्हणजे खर्ची पडणारी ऊर्जा दाखवणाऱ्या लॉसमध्ये, कमी वारंवारतेकडे एक उंच चढण उभी राहते. शुद्ध एकदिश वाहकतेचा वाटा वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात वाढत असल्याने लॉगॅरिदमिक आलेखात तिचा उतार उणे एक असतो, आणि अल्फा शिखर या चढणीखाली पुष्कळदा अर्धे झाकले जाते, कधी कधी पूर्णच. परंतु या वाहकतेचा वास्तव भागावर काहीच परिणाम होत नाही. म्हणून वास्तव भागाचे वारंवारतेच्या नैसर्गिक लॉगॅरिदमसापेक्ष अवकलन घेऊन त्याला उणे पाय भागिले दोन यांनी गुणले, तर वाहकतेविना लॉसचे चांगले अनुमान मिळते. व्युबेनहॉर्स्ट आणि व्हान टर्नहाउट यांनी २००२ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली आणि तेव्हापासून पॉलिमरच्या अभ्यासात ती हाताशी असावीच असे साधन ठरली आहे.

सॉफ्टवेअरमध्ये ती एका कळीवर उपलब्ध आहे, आणि मुख्य म्हणजे अवकलित स्पेक्ट्रमवर बसवण्यासाठी अवकलित समीकरणच वापरले जाते. हा बारकावा महत्त्वाचा आहे. एकाच शिथिलन-काळाच्या डेबाय शिखरासाठी अवकलित लॉस मूळ लॉसच्या वर्गाच्या प्रमाणात येतो, त्यामुळे शिखर मूळच्यापेक्षा अरुंद आणि उंच दिसते. त्यावर साधे लॉसचे समीकरण बसवले तर रुंदीचे घातांक चुकीचेच येणार. तयार सॉफ्टवेअरच्या लेखकांना हे भान आहे, हे पाहून समाधान वाटते. जवळजवळ असलेली दोन शिखरे वेगळी करायलाही हेच अरुंदपण कामी येते. मर्यादा दोन आहेत. अवकलनाने मोजमापातील गोंधळ वाढतो, आणि तो कमी करण्यासाठी किती शेजारचे बिंदू घ्यायचे हा आकडा सॉफ्टवेअरने पक्का ठरवून टाकला आहे. दर डिकेडला बिंदू कमी घेतले असतील तर शिखराचा माथाच बोथट होतो. दुसरी मर्यादा इलेक्ट्रोडवरील ध्रुवीकरणाची. आयन इलेक्ट्रोडपाशी साचू लागले की वास्तव भागही प्रचंड वाढतो आणि मग अवकलित लॉसमध्ये एक नवे, नमुन्याच्या आण्विक हालचालीशी संबंध नसलेले शिखर उगवते. त्याला मंद शिथिलन समजून त्यावर आणखी एक फलन चढवण्याचा मोह सॉफ्टवेअरची ‘शिखर जोडा’ ही कळ वाढवते. नमुन्याची जाडी बदलून पुन्हा मोजले तर हे ध्रुवीकरण जागचे हलते आणि खरे शिथिलन हलत नाही. माहितीपुस्तिकेत या एका वाक्याला जागा हवी होती.

पारगम्यतेचा व्यस्त, म्हणजे विद्युत मापांक, पाहण्याचीही सोय आहे. वाहकतेची चढण मापांकात शिखराचे रूप घेते, त्यामुळे चित्र नीटनेटके दिसते आणि अनेकांना ते आवडते. परंतु मापांकातले अल्फा शिखर पारगम्यतेतल्या शिखराच्या जागी येत नाही. डेबाय शिथिलनात मापांकाचा काळ पारगम्यतेच्या काळाला उच्च-वारंवारतेची पारगम्यता भागिले स्थिर पारगम्यता यांनी गुणून मिळतो. या दोन पारगम्यता ३ आणि ९ असतील, तर शिखर सुमारे अर्ध्या डिकेडने वर सरकते. ध्रुवीय पॉलिमरमध्ये असे आकडे असाधारण नाहीत. सॉफ्टवेअर दोन्ही प्रकारचे काळ एकाच आलेखावर, एकाच रंगात मांडू देते. हे टाळायला हवे.

भारांकनाबद्दल, म्हणजे जुळणीत कोणत्या बिंदूला किती वजन द्यायचे याबद्दल, थोडक्यात सांगतो, कारण येथे पर्याय पुरेसे आहेत आणि फक्त मूळ निवड चुकीची आहे. एका स्पेक्ट्रममध्ये लॉस अनेक डिकेडमध्ये पसरलेला असतो. भारांकन न करता न्यूनतम वर्गपद्धत लावली तर वाहकतेच्या चढणीतले मोजकेच मोठे आकडे सगळी जुळणी आपल्याकडे ओढतात आणि अल्फा शिखराचा उच्च-वारंवारतेचा उतार, ज्यावरून घातांकांचा गुणाकार ठरतो, जवळपास दुर्लक्षित राहतो. सापेक्ष त्रुटीचे भारांकन निवडले आणि वास्तव व काल्पनिक भाग एकत्र बसवले की हा प्रश्न बराचसा सुटतो. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही गोष्टी आहेत. पहिल्यांदा उघडल्यावर दोन्ही बंद असतात.

पॉलिव्हिनाइल ॲसिटेट आणि पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट या दोन पॉलिमरांवर सॉफ्टवेअरचे वर्तन इतके निराळे आहे की ते मुद्दाम सांगावेसे वाटते. पहिल्यात अल्फा शिखर ठळक आणि एकटे असते, बीटा शिथिलन, म्हणजे साखळीच्या लहान भागांची स्थानिक हालचाल, दुबळे असते. एक हॅव्हरिलियाक-नेगामी फलन आणि एक वाहकतेचे पद दिले की जुळणी क्षणात बसते आणि शेजारच्या तापमानाचे उत्तर पुढच्यासाठी प्रारंभिक अंदाज म्हणून आपोआप घेतले जाते. ही साखळी-पद्धत फार सोयीची आहे. दुसऱ्यात परिस्थिती उलटी आहे. पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेटमध्ये एस्टर गटाच्या हालचालीशी जोडलेले बीटा शिथिलन अल्फापेक्षा अधिक बलवान असते आणि काच-संक्रमणाच्या वर थोड्याच अंतरावर दोन्ही एकमेकांत मिसळू लागतात. बीटाचा काळ अऱ्हेनियसच्या नियमाने संथपणे बदलतो, अल्फाचा झपाट्याने, आणि म्हणून ही दोन शिखरे तापमान वाढेल तशी जवळ येतात. साखळी-पद्धत येथे धोकादायक ठरते : एका तापमानाला दोन फलनांची अदलाबदल झाली की पुढच्या सर्व तापमानांवर अल्फाच्या नावाने बीटाचे आकडे नोंदले जातात, आणि सॉफ्टवेअर कोणतीही हरकत घेत नाही. प्रत्येक शिखरासाठी तापमानाबरोबर बदलणारी मर्यादा देता आली असती, किंवा बीटाचा काळ काच-संक्रमणाखालील अऱ्हेनियस रेषेवरून पुढे वाढवून बांधून ठेवता आला असता, तर हा गोंधळ टळला असता.

मिसळणीच्या प्रदेशात आणखी एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो. सॉफ्टवेअर शिखरांची फक्त बेरीज करते, म्हणजे अल्फा आणि बीटा या दोन स्वतंत्र प्रक्रिया आहेत असे गृहीत धरते. ग्रॅहम विल्यम्स यांनी मांडलेली कल्पना वेगळी आहे : ज्या द्विध्रुवाचा काही अंश बीटा हालचालीने आधीच शिथिल झाला, त्याचाच उरलेला अंश अल्फाने शिथिल होतो, म्हणून कालाधारित फलनांत बीटाच्या पदाला अल्फाच्या क्षयाने गुणले पाहिजे. दोन्ही शिखरे दूर असतील तर बेरीज आणि गुणाकार यांत फरक पडत नाही. ती एकमेकांना भिडतात तेथे पडतो, आणि तो शिखरांच्या बलाच्या, म्हणजे एकूण शिथिलनातील त्यांच्या वाट्याच्या, वाटणीत दिसतो : बेरजेच्या मॉडेलमध्ये मिसळणीजवळ अल्फाचे बल अचानक घटल्यासारखे वाटते आणि वाचक त्याला भौतिक घटना समजतो. सॉफ्टवेअरमध्ये गुणाकाराचे मॉडेल नसणे समजू शकते, कारण त्याला कालाधारित आकडेमोड लागते. ते नाही हे स्पष्ट लिहिलेले नसणे समजू शकत नाही.

शेवटचा टप्पा शिथिलन-काळांवरून काच-संक्रमण तापमान काढण्याचा. येथे फोगेल (१९२१), फुल्चर (१९२५) आणि टामान (१९२६) यांच्या नावाने ओळखले जाणारे तीन पॅरामीटरांचे समीकरण वापरले जाते : एक पूर्वघटक काळ, एक ऊर्जेसारखा गुणांक आणि ज्या तापमानाला काळ अनंत होईल ते तापमान. तिन्ही पॅरामीटर एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. एक हलवला की उरलेले दोन सरकून त्याची भरपाई करतात आणि वक्र जवळजवळ तसाच राहतो. अशा परिस्थितीत प्रत्येक पॅरामीटरसमोर छापलेली एकेकटी त्रुटी फार थोडे सांगते. हवे असते ते तिन्हींचे सहप्रसरण, म्हणजे त्यांच्या त्रुटी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत याचे कोष्टक. सॉफ्टवेअर ते अंतर्गत काढते हे नक्की, कारण त्रुटीचे आकडे त्याशिवाय येऊ शकत नाहीत, परंतु वापरणाऱ्याच्या हाती ते देत नाही. पायथॉनमधील मुक्त सायपाय संचाचे वक्र-जुळणीचे फलन हे सहप्रसरण सरळ परत देते. तेथे आपण दिलेल्या त्रुटी निरपेक्ष मानायच्या की सापेक्ष हे स्वतः ठरवावे लागते आणि मूळ निवड सापेक्षची असते, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. सहप्रसरण हाती आले की नाजुकता-निर्देशांकाची त्रुटी दोन ओळींत काढता येते, आणि ती पुष्कळदा अपेक्षेपेक्षा मोठी निघते.

पर्यायी म्हणून विल्यम्स-लँडेल-फेरी यांचे १९५५ चे समीकरण दिले आहे. गणिताच्या दृष्टीने ते वरच्याच समीकरणाचे दुसरे रूप आहे. पण सॉफ्टवेअर त्याचे दोन स्थिरांक आपणहून १७.४४ आणि ५१.६ केल्व्हिन या ‘सार्वत्रिक’ मूल्यांवर बांधून ठेवते, आणि याला माझा सर्वांत तीव्र आक्षेप आहे. नाजुकता-निर्देशांक हा पहिला स्थिरांक गुणिले काच-संक्रमण तापमान भागिले दुसरा स्थिरांक इतका असतो. दोन्ही स्थिरांक बांधले की निर्देशांक केवळ तापमानाचा ०.३३८ पट उरतो : ३०५ केल्व्हिनच्या पॉलिमरला १०३ आणि ३७८ केल्व्हिनच्या पॉलिमरला १२८. पदार्थाबद्दल काहीही न मोजता हे आकडे लिहिता आले असते. शिवाय याच स्थिरांकांतून पूर्वघटक काळ सुमारे ०.४ फेम्टोसेकंद निघतो, जो अणूंच्या कंपनकाळाहून, म्हणजे दहा ते शंभर फेम्टोसेकंदांहून, बराच लहान आहे. सुरुवातीचा अंदाज म्हणून ही मूल्ये ठेवायला हरकत नाही. निकाल म्हणून ती ठेवू नयेत.

या टप्प्यावर स्टिकेल, फिशर आणि रिखर्ट यांची अवकलन-पद्धत सॉफ्टवेअरमध्ये असती, तर बराच उलगडा झाला असता. काळाच्या लॉगॅरिदमचे तापमानाच्या व्यस्तासापेक्ष अवकलन घेऊन त्याचे व्यस्त वर्गमूळ मांडले की फोगेल-फुल्चर-टामानचे समीकरण सरळ रेषा बनते, आणि अऱ्हेनियसचे आडवी रेषा. मग एकाच समीकरणाने सगळा पल्ला झाकला जातो की मधेच रेषा मोडते, हे डोळ्यांना दिसते. काच-संक्रमणाखाली नमुना समतोलातून बाहेर पडला आणि काळ वक्र सोडून अऱ्हेनियससारखे वागू लागले, तर तेही. सध्या सॉफ्टवेअर मालिकेतले सर्व बिंदू एकाच समीकरणात टाकते. समतोल नसलेले खालचे दोन-तीन बिंदू हाताने वगळावे लागतात, आणि ते कोणते हे वापरणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते.

गती, स्थिरता आणि आलेखांची सुबकता यांबद्दल तक्रार नाही. मोठ्या मालिका उघडताना ते अडखळत नाही, जतन केलेले काम पुढच्या आवृत्तीत उघडते, आणि विचारलेल्या शंकांना निर्मात्यांकडून सभ्य व नेमकी उत्तरे मिळतात. ज्यांना नमुन्यांची गुणवत्ता तपासण्यासाठी एकाच पद्धतीने, एकाच तापमान-पल्ल्यात, सारख्याच पॉलिमरची तुलना करायची आहे, त्यांनी ते निःशंकपणे घ्यावे. तेथे पद्धतीतला दोष दोन्ही बाजूंना सारखाच पडतो. प्रबंधासाठी किंवा प्रकाशनासाठी काच-संक्रमणाचे आकडे काढणाऱ्यांनी स्पेक्ट्रमची जुळणी येथे करावी, वाहकता अवकलित पद्धतीने येथेच काढावी, शिखराचे काळ आलेखावरून वाचून तापमानाच्या प्रत्यक्ष नोंदीसह बाहेर न्यावेत आणि तीन पॅरामीटरांचे समीकरण स्वतःच्या आज्ञावलीत बसवावे. निर्यात होणारी फाइल साध्या मजकुराची असल्याने हे अवघड नाही. पुढच्या आवृत्तीत त्याच फाइलमध्ये शिखराचा काळ, मोजलेले तापमान आणि सहप्रसरणाचे कोष्टक असे तीन रकाने वाढवले, तर हा वळसा घेण्याची गरजच उरणार नाही, आणि निर्मात्यांना मी तसे लेखी कळवले आहे.